व्हय म्हाराजा म्हणायला घरातली सगळी लागतात

या महिन्यात पैशाची, आजारपणाची आणि माणूस गेल्याची पत्रं जास्त आलीत. तीन घेतेय. पहिलं मोठं आहे आणि उत्तरही लांबलंय, चालवून घ्या.

ताई, आम्ही भांडुपला राहतो, वन बीएचके, लोनवरचा. मिस्टरांची नोकरी जाऊन आता १४ महिने होतील, कंपनीने त्यांचं डिपार्टमेंटच बंद केलं, वय ४६. आधी वाटलं दोन-तीन महिन्यांत दुसरी लागेल, आता तर इंटरव्ह्यूचे फोन पण येत नाहीत. मी एका क्लिनिकमध्ये रिसेप्शनला आहे, माझ्या पगारात हप्ता आणि किराणा कसाबसा निघतो, मुलाच्या दहावीच्या क्लासचे पैसे माझ्या बहिणीने भरले. सोसायटीत कोणालाच माहीत नाही. हे रोज सकाळी आठ-दहाला बॅग आणि डबा घेऊन निघतात आणि स्टेशनवर नाहीतर मुलुंडला बागेत बसून संध्याकाळी परत येतात. डबा मीच भरून देते, हे नाटक मी पण का करतेय कळत नाही. यांनी देवाचं सगळं सोडलंय, दिवा सुद्धा लावत नाहीत. सासूबाईंचं उलट, मंगळवार होता, संकष्टी होती, आता गुरुवारही धरलाय, आणि ओळखीतल्या कोणीतरी सांगितलंय की जावेने करणी केलीय, उतरवायला ३५ हजार लागतील. रोज वाद. परवा आठ वर्षांच्या मुलीने विचारलं, आई, देव आपल्यावर रागावलाय का? मी भाजी चिरत राहिले. आम्ही मूळचे कुडाळकडचे, गणपतीला सगळे गावी जातो, तेवढंच काय ते एकत्र असतो. घरात पुन्हा थोडी आशा, थोडा विश्वास कसा आणायचा?
— एक वाचक, भांडुप

कुडाळकडच्या ना तुम्ही, मग गाऱ्हाणं ऐकलंच असणार. माझं पण माहेर तिकडचंच आणि मी लहानाची मोठी झाले लालबागच्या चाळीत, तिथे सुद्धा गणपतीत आमचे आजोबा मूर्तीसमोर उभे राहून गाऱ्हाणं घालायचे आणि आम्ही सगळी दाटीवाटीने मागे. आठवतंय का त्यात काय असतं? "बा देवा म्हाराजा, ह्या झिलाची नोकरी गेली हा, तेका खंयतरी कामाक लाय रे म्हाराजा", आणि मागून सगळी एका दमात, "व्हय म्हाराजा!" आजोबा एकेकाचं नाव घेऊन त्याचं दुखणं सगळ्यांसमोर मोठ्याने सांगायचे. कोणाला मूल होत नाही, कोणाचं कोर्टात अडकलंय, कोणाचा झील दारू पितो, काही लपवायचं नाही, आणि ज्याच्याबद्दल चाललंय तो पण तिथेच उभा राहून "व्हय म्हाराजा" म्हणायचा. आमचे धाकटे काका लाल बावट्यातले, कम्युनिस्ट, देव मानायचे नाहीत, पण सगळ्यात मोठा आवाज त्यांचा.

तुमचं पत्र वाचताना मला सगळ्यात आधी हेच आठवलं, कारण तुमच्या घरात दुखणं सगळ्यांना माहीत आहे आणि मोठ्याने कोणीच बोलत नाहीये. मिस्टर बागेत बसतात, सासूबाई उपास धरतात, तुम्ही डबा भरता, मुलगा बहुतेक कानात हेडफोन घालून बसत असेल, आणि मुलीने मात्र सरळ विचारलं. तुमच्या घरातलं गाऱ्हाणं तिने घातलं असं समजा.

तिला उत्तर आजच द्या, उशीर झालेला नाही. नाही गं, देव रागावलेला नाही, बाबांचं कंपनीतलं काम बंद झालं म्हणून पैसे कमी आहेत, बाबा दुसरं काम शोधतायत, आपलं घर आहे, तुझी शाळा आहे, आणि या वर्षी वाढदिवसाला हॉल नाही, घरी पावभाजी. एवढं पुरतं. पोरांना आकडा सांगितला की ती घाबरतात असं आपल्याला वाटतं, पण मी हॉस्पिटलच्या समाजसेवा विभागात २६ वर्षं काढली, जी पोरं बंद दाराआडून कुजबुज ऐकतात ती जास्त घाबरलेली पाहिलीत, कारण मग ती आपल्या मनाने जोडतात, आणि आठ वर्षांच्या मनाचा हिशोब नेहमी "माझ्यामुळे झालं" इथेच येतो. मुलगा दहावीला आहे, त्याला हप्ता किती आणि पगार किती हे खरोखर सांगा. फक्त "आता तूच आमची आशा" हे वाक्य त्याच्यावर टाकू नका, बोर्डाचं टेन्शन त्याला पुरेसं आहे.

आता मिस्टर. इथे जरा माझ्या घरचं सांगते. माझे बाबा मिलमध्ये साचेखात्यात होते. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर, आणि सगळ्यांना वाटलं दोन महिन्यांचं काम आहे. तो संप रीतसर मागे घेतलाच गेला नाही, अजूनही, हे आज सांगितलं तर पोरांना खरं वाटत नाही. आईने खानावळीचे डबे सुरू केले, आमच्या गिरणगावात बायका ते आधीपासून करायच्याच, प्रेमाताई पुरवांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं ते याच बायकांसाठी. तर घर आईच्या डब्यांवर चाललं, आणि बाबा हळूहळू गप्प झाले. चाळीच्या भजनी मंडळात ते पखवाज वाजवायचे, तिथे जायचं बंद केलं. का, तर महिन्याची वर्गणी द्यायला नव्हती. कोणी मागितली नव्हती हो, त्यांचीच लाज.

पाच-सहा शनिवार गेले आणि मग एक दिवस बुवा घरी आले. आम्हाला वाटलं समजवायला आलेत, वर्गणी माफ वगैरे म्हणतील. तसलं काही नाही. बुवा उंबऱ्यातच उभं राहून वैतागून म्हणाले, अरे तुझ्या जागी तो पोरगा बसवलाय, ताल सोडतो, शनिवारी लाज काढशील काय आमची? आणि निघून गेले. पखवाजाच्या डाव्या अंगाला वाजवण्याआधी ओली कणीक लावतात, त्याशिवाय त्याला खर्ज येत नाही. त्या आठवड्यात आमच्याकडे पीठ उसनं आणलेलं, मोजून चपात्या. शनिवारी संध्याकाळी आईने कणीक मळली, त्यातली एक मूठ काढून ओल्या फडक्यात गुंडाळली आणि बाबांच्या हातात दिली, तोंडाने काही नाही. रात्री तिच्या ताटात किती चपात्या होत्या ते मी बघितलं होतं. बाबा गेले भजनाला, त्यानंतर दर शनिवारी गेले. मिल परत मिळाली नाहीच, १९८४ मध्ये एका सोसायटीत वॉचमन म्हणून लागले आणि तिथूनच म्हातारे झाले. मी काही गोड शेवट सांगत नाहीये. पण त्या दोन वर्षांत त्यांनी स्वतःचं काही बरंवाईट केलं नाही, आणि आजूबाजूच्या चाळींमधून तशा बातम्या येत होत्या.

म्हणून सांगते, मिस्टरांना धीर देऊ नका, १४ महिने धीर ऐकून त्यांचे कान किटले असतील. त्यांच्याकडून काहीतरी मागा, खरंच लागणारं. तुमच्या मुलाचं गणित ते घेऊ शकतात का? सोसायटीच्या हिशोबाचं काम असतं, कोणालाच करायचं नसतं ते. क्लिनिकमधून तुम्ही दमून येता ना, मग रात्रीचा कुकर त्यांचा, आणि तो लागला नाही तर सगळे उपाशी, इतकं खरं असू दे. सकाळचा डबा बंद करायचा की नाही हे त्यांच्यावर सोडा पण तुम्ही एकदा शांतपणे म्हणा की मला माहीत आहे तुम्ही कुठे बसता, मी रागावले नाहीये, पाऊस असला तर घरी बसत जा. नाटक दोघांचं आहे, दोघांनीच पडदा पाडायचा. आणि झोप उडालीय, जेवण तुटलंय, "माझ्याशिवाय तुमचं बरं चालेल" असं काही तोंडातून यायला लागलंय, तर वाट बघू नका, १४४१६ हा टेली-मानसचा, म्हणजे मानसिक त्रासात बोलायला असलेला, सरकारी नंबर आहे, २४ तास, फुकट, मराठीत बोलता येतं. तुम्ही स्वतःसाठी केला तरी चालतो.

बँकेचं पण बघा. ९० दिवस हप्ता थकला की खातं एनपीए, म्हणजे बुडीतकडे झुकलेलं कर्ज, धरलं जातं आणि मग बोलणं अवघड जातं. अजून थकलेला नाही तोवर दोघं मिळून मॅनेजरला भेटा, मुदत वाढवून हप्ता कमी होतो का विचारा, लेखी अर्ज द्या. यात देवाचा संबंध नाही असं वाटेल, पण मी पाहिलंय, बँकेतून बाहेर पडल्यावर माणसाला जरा भूक लागते.

सासूबाईंच्या उपासांना हात लावू नका. मुलाची नोकरी गेलीय, त्यांच्या हातात काय आहे? ना त्या अर्ज करू शकतात ना इंटरव्ह्यू देऊ शकतात, त्या स्वतःच्या पोटाला चिमटा काढू शकतात, तो काढतायत. वय आणि शुगर बघून गुरुवार सोडवता आला तर बघा, बस. पण ३५ हजारांना मात्र स्वच्छ नाही म्हणा. अमक्याने करणी केली असं एखाद्याचं नाव घेऊन सांगणं हा महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याखाली गुन्हा आहे, आणि कायदा सोडा, यात पैसे तर जातीलच, जावेचं घर पण कायमचं तुटेल. हे सासूबाईंना मिस्टरांनी सांगू नये, वाद होईल. तुम्ही सांगा, आणि असं सांगा की आई, एवढे पैसे असते तर हप्ता भरला असता, आपण गावी रवळनाथासमोर गाऱ्हाणं घालू, त्याला नारळ पुरतो.

आणि गणपतीपर्यंत थांबू नका. एखाद्या रविवारी सगळी बसा, टीव्ही बंद, सासूबाईंना गाऱ्हाणं घालायला सांगा, बायका घालत नाहीत वगैरे म्हणाल्या तर म्हणू द्या, घालतील. मिस्टर देवाकडे पाठ करून बसले तरी बसू दे. त्यांनी "व्हय म्हाराजा" आईसाठी म्हटलं, देवासाठी नाही, तरी तेवढ्याने चालतं, आमच्या काकांचं आयुष्यभर चाललं.

ताई, मी १९ वर्षांचा आहे, सेकंड इयरला, घाटकोपर. मम्मीला ब्रेस्ट कॅन्सर निघालाय, केमो सुरू होणार आहे. पप्पा आणि मामाने ठरवलंय तिला सांगायचं नाही, गाठ आहे साधी असं सांगितलंय. घरात सगळे बी पॉझिटिव्ह बी पॉझिटिव्ह करतात, आजीने बांद्र्याला मोत माउलीच्या चर्चला जाऊन मेणाची बाई वाहिली, आम्ही तर हिंदू आहोत. मला प्रार्थना वगैरे जमत नाही, आशा पण वाटत नाही, आणि असं वाटतं की माझ्या या निगेटिव्ह विचारांमुळे मम्मीला काही झालं तर? खर्चाचं पण कोणी मला सांगत नाही.

बाळा, आधी शेवटचं. तुझ्या डोक्यातल्या विचाराने तिची गाठ एक मिलिमीटरने पण वाढत नाही. तू रडलास, चिडलास, रात्री गुगल करून घाबरलास, तरी तिच्या केमोवर त्याचा काडीचा परिणाम नाही. हे मी तुला समजूत म्हणून नाही सांगत, डॉक्टरांना विचार, ते पण हेच सांगतील. पॉझिटिव्ह राहायची जी जबरदस्ती चाललीय ना, ती पेशंटला सगळ्यात जास्त दमवते, तिला उलट्या होत असताना आल्यागेल्याकडे बघून हसावं लागतं.

मम्मीला माहीत आहे. साध्या गाठीला केमो देत नाहीत, केमोच्या वॉर्डात आजूबाजूच्या खाटांवर कोण आहे हे तिला दिसणारच आहे. बहुतेक ती पप्पांसाठी माहीत नसल्याचं दाखवतेय आणि पप्पा तिच्यासाठी, हा प्रकार मी इतक्या वेळा बघितलाय की विचारू नकोस. पप्पांशी भांडू नकोस, त्यांना म्हण की डॉक्टरांना एकदा तिलाच विचारू दे, तुम्हाला आजाराबद्दल किती माहिती हवीय. काहींना सगळं हवं असतं, काहींना थोडं. ठरवू दे तिला.

आजीला वाहू दे. मोत माउलीच्या पायऱ्यांशी मेणाचे हात, पाय, घरं, बाळं विकायला असतात आणि ती घेणाऱ्यांत आपली मराठी माणसं किती असतात ते सप्टेंबरच्या जत्रेत जाऊन बघ. मंगळवारी सिद्धिविनायक आणि बुधवारी माहीमच्या चर्चमध्ये नोव्हेनाची प्रार्थना असं नेमाने करणाऱ्या बायका मला माहीत आहेत, मुंबईत देवांच्या हद्दी कोणी फार कडक पाळत नाही.

तुला आशा वाटत नाही म्हणतोस. परळ-दादर भागात बाहेरगावच्या कॅन्सर पेशंटसाठी धर्मशाळा आहेत, तिथे विदर्भातला एक शेतकरी बायकोला घेऊन चार महिने होता. देवाबिवाचं तो काही बोलायचा नाही, बोलायचाच कमी. पण दर दोन दिवसांनी रात्री मूठभर मटकी भिजत घालायचा, सकाळी उपसून पंचाच्या कोपऱ्यात बांधून खिडकीच्या गजाला लटकवायचा आणि येता-जाता त्यावर पाणी शिंपडायचा. मी एकदा म्हटलं, दादा, बाजारात मोड आलेली मिळते की. तर म्हणाला, मिळते, पण तिला परवा काय खायचं ते आजच विचारून घेतो मी. बायकोला चव लागायची नाही बहुतेक वेळा, दोन घास खायची. तरी परवाचं ठरलेलं असायचं.

तू तेवढं कर. मम्मीला रोज उद्याचं एक काहीतरी विचारून ठेव, कुठली सिरीयल, कुठली भाजी, केस गेले तर स्कार्फ कुठल्या रंगाचा. अमूक महिन्यांनी तू बरी होशील असं सांगू नकोस, ते तुला माहीत नाहीये आणि तिला कळतं की तुला माहीत नाहीये.

खर्चाचं पप्पांना दाखव: महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार मिळतात, पण योजनेत असलेल्याच हॉस्पिटलमध्ये, तिथे योजनेची माहिती देणाऱ्या आरोग्यमित्राचं टेबल असतं, रेशनकार्ड आणि आधार घेऊन केमो सुरू व्हायच्या आधी जा, नंतर नाही. धर्मादाय हॉस्पिटल असेल तर १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात, उत्पन्नाचा दाखला लागतो. समाजसेवा विभाग कुठे आहे ते विचार आणि रांगेत तू उभा रहा. ते काम १९ वर्षांच्या मुलाला मस्त जमतं.

आमचे बाबा जूनमध्ये गेले. घरचा गणपती दीड दिवसाचा, मखर दरवर्षी बाबाच करायचे. आई म्हणते या वर्षी आणायचाच नाही, भाऊ म्हणतो तेराव्यानंतर सुतक संपतं, आणायचाच. घरात दोन तट पडलेत. काय करावं?
— काळाचौकी

दोन्ही बरोबर आहे. काही घरांत वर्षभर सण करत नाहीत, काही घरांत तेरावं झालं की करतात, शास्त्र विचारायला गेलात तर प्रत्येक गुरुजी वेगळं सांगेल. आईला विचारा तिला नक्की काय नकोय, गणपती नकोय की गर्दी नकोय. बऱ्याचदा दुसरं असतं. येणारा-जाणारा प्रत्येक जण "बाबा असते तर" म्हणणार आणि तिला प्रत्येकाला चहा करून द्यावा लागणार, त्याचा तिला कंटाळा असेल.

आणि एक वर्ष नाही आणला तर काही बिघडत नाही हो. तुमच्या शेजारचंच बघा, लालबागच्या कोळी मंडळींनी आणि व्यापाऱ्यांनी बाजाराला हक्काची जागा मिळावी म्हणून नवस बोलला, जागा मिळाली आणि १९३४ मध्ये राजा बसला, त्यानंतर इतकी वर्षं खंड नाही, पण २०२० मध्ये कोरोनात त्यांनी मूर्ती बसवली नाही, त्याऐवजी रक्तदान, प्लाझ्मा असा आरोग्योत्सव केला. पुढच्या वर्षांत राजा परत आला आणि रांग पण होती तेवढीच झाली. मंडळाला जमलं ते तुमच्या घराला जमेल.

आणायचा ठरला तर मूर्ती लहान, माणसं घरचीच, मोदक विकतचे आणले तरी बाप्पा काही बोलत नाही. थर्माकोल २०१८ पासून बंद आहे, त्यामुळे मखराला ते नको. माळ्यावर चढून बघा, दरवर्षी मखर करणारा माणूस लाकडी पट्ट्या, खिळ्यांचा डबा आणि गेल्या वर्षीच्या झिरमिळ्या टाकून देत नाही, वर्तमानपत्रात बांधून ठेवतो, आणि बरेचदा त्यावर पेनने मापं पण लिहिलेली असतात.